पॉलिशच्या आधी: घरच्या घरी गाडीचा रंग डिटेलिंगसाठी कसा तयार करावा

तळहातावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि नुकत्याच धुऊन वाळलेल्या गाडीच्या बॉनेटवरून हात अलगद फिरवा. पिशवीमुळे बोटं रंगाला चिकटत नाहीत, नुसती सरकतात, आणि एरवी न कळणारी गोष्ट हाताला कळते. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा खरखरीत लागतो, अगदी बारीक सँडपेपरसारखा. शाम्पूने न निघालेले हे कण रंगात रुतून बसलेले असतात. त्यात ब्रेकमधून उडालेली लोखंडाची धूळ असते, डांबराचे ठिपके असतात, झाडाचा चीक असतो, पाण्यातले क्षार असतात. यावर वॅक्स लावलं तर ते रंगावर बसत नाही, मळावर बसतं आणि लवकर उतरतं. पॉलिशचं पॅड फिरवलं तर हेच कण पॅडखाली येऊन गाडीभर ओरखडे काढतात.

म्हणून हा लेख पॉलिश कसं करावं, म्हणजे रंगाचा वरचा थर किंचित घासून चरे कसे काढावेत, याबद्दल नाही, त्याच्या आधीच्या कामाबद्दल आहे. लोक कुठलं वॅक्स चांगलं, कुठलं कोटिंग जास्त टिकतं हे विचारत राहतात. माझं मत असं की मध्यम दर्जाचं वॅक्स नीट तयार केलेल्या रंगावर जे रूप देतं, ते महागडं कोटिंग अर्धवट तयारीवर कधीच देत नाही. गाडीवर एक पूर्ण दिवस घालवणार असाल तर त्यातला निम्म्याहून अधिक वेळ तयारीचा आहे असं धरूनच सुरुवात करा.

आपण नक्की कशावर काम करतोय

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी चमक अवलंबून आहे आणि जो उन्हापासून रंगाला वाचवतो, तो केसापेक्षाही पातळ आहे. तो झिजला की परत येत नाही. पुन्हा रंगकामच करावं लागतं.

उन्हात किंवा दिव्याखाली गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात, ती याच थरातली. खरं म्हणजे ते चरे सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या भोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. हे चरे रस्त्यावर पडत नाहीत. ते धुताना आणि पुसताना पडतात, आपल्याच हातून.

हे मी गडद रंगाच्या गाडीवर शिकलो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची सवय होती, गाडीची काळजी घेतोय असंच वाटायचं. सहा महिन्यांनी एका संध्याकाळी कलत्या उन्हात बॉनेट पाहिलं आणि पोटात खड्डा पडला: ज्या दिशेने माझा हात फिरायचा, त्याच कमानीत शेकडो बारीक रेघा. धूळ म्हणजे दगडाची भुकटी असते, आणि मी ती दररोज रंगावर घासत होतो.

त्या दिवसापासून एकच नियम पाळतो, आणि पुढची प्रत्येक पायरी त्याच नियमातून आली आहे. आधी सैल मळ, मग चिकटलेला, सगळ्यात शेवटी रुतलेला. जे पाण्याने निघतं त्याला फोम नको, जे फोमने निघतं त्याला हात नको, जे रसायनाने विरघळतं त्याला क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, नको. रंगाला प्रत्यक्ष स्पर्श जितका कमी, तितके चरे कमी.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या

गाडीचा रंग मॅट असेल तर इथेच थांबा. मॅट रंगाला क्ले आणि पॉलिश चालत नाही, घासलं की तिथे चकाकणारा पट्टा उठतो आणि तो घालवता येत नाही. पारदर्शक संरक्षक फिल्म किंवा रॅप (रंगावर चिकटवलेली रंगीत फिल्म) लावलेलं असेल तर डांबर काढायचं द्रावण तिच्या कडांपासून लांब ठेवा, कारण ते गोंद सैल करतं. आणि एखादा भाग नुकताच रंगवून घेतला असेल तर रंगवणाऱ्याला विचारा की वॅक्स किंवा कोटिंग कधी लावलं तर चालेल. गॅरेजमधला रंग पूर्ण कडक व्हायला बरेचदा ३० ते ९० दिवस लागतात आणि तोवर त्यातली द्रावकं बाहेर पडत असतात.

जागा सावलीची हवी आणि पत्रा गार हवा. हाताची पालथी बाजू बॉनेटवर ठेवा; चटका सोडाच, ऊब जरी लागली तरी थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि रसायनं मिनिटभरात वाळतात आणि स्वतःच डाग सोडतात. भर उन्हात सुरू केलेलं काम मी आजवर एकदाही समाधानाने संपवलेलं नाही. सुटलेला वाराही वाईट, कारण धुतलेल्या पत्र्यावर धूळ परत बसते.

फडक्यांबद्दल थोडं जास्त

सामानाच्या यादीत लोक बाटल्या मोजतात, मी फडकी मोजतो. जुना बनियन, साधा सुती टॉवेल, स्पंज, शॅमॉय (गाडी पुसायचं मऊ चामडं) यातलं काही नको. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो, त्यामुळे कण आत जात नाहीत, स्पंज आणि रंग यांच्यामध्ये अडकून घासले जातात. धुण्यासाठी लांब लोकरीचा किंवा जाड झुपक्यांचा मायक्रोफायबर हातमोजा घ्या. कण त्या केसांच्या मुळाशी जातो आणि रंगापासून दूर राहतो.

पुसण्यासाठी मायक्रोफायबरच, आणि भरपूर. एका गाडीच्या पूर्ण तयारीला मला आठ-दहा सहज लागतात. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचं ८०:२० किंवा ७०:३० मिश्रण असतं. दुसरं जास्त मऊ आणि जास्त पाणी पिणारं. कडेला शिवलेलं लेबल कापून टाका, ते कडक असतं आणि ओरखडा काढतं. फडकी इतर कपड्यांसोबत धुऊ नका, सुती कपड्यांचा भुसा त्यांच्या तंतूंत अडकतो. फॅब्रिक सॉफ्टनर तर मुळीच नको, त्याने तंतूंवर थर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं बंद करतं. कडक इस्त्री आणि जास्त गरम ड्रायर यानेही तंतू वितळून टोकं कडक होतात. आणि चाकांची फडकी, दाराच्या कडांची फडकी, रंगाची फडकी असे तीन गठ्ठे वेगळे, वेगळ्या रंगांचे ठेवा. एकदा चाकाला लागलेलं फडकं परत कधीही रंगाला लावायचं नाही, कितीही स्वच्छ धुतलं तरी.

बाकी सामान थोडक्यात: तीन बादल्या, त्यातल्या दोनमध्ये तळाशी ठेवायची जाळी, वॅक्स नसलेला गाडीचा शाम्पू, फोम फवारायला पंप किंवा प्रेशर वॉशरची फोमची बाटली, डांबर काढायचं आणि लोखंडाचे कण काढायचं अशी दोन वेगळी द्रावणं, क्ले आणि ती सरकावी म्हणून त्यासोबतचं निसरडं ल्युब्रिकंट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगकामाची मास्किंग टेप, एक चांगला एलईडी टॉर्च, आणि नायट्राइलचे हातमोजे.

आधी चाकं

चाकांवर गाडीतला सगळ्यात वाईट मळ असतो आणि तो धुताना आजूबाजूच्या पत्र्यावर उडतो. म्हणून पत्रा धुण्याआधी चाकं, चाकांच्या वरच्या कमानी आणि टायर उरकून घ्या. ब्रेक गार झालेले असू द्या. चाकांसाठी तिसरी बादली, वेगळा ब्रश. टायरवरची तपकिरी झाक ब्रश आणि ऑल पर्पज क्लीनरने निघते. फेस पांढरा येईपर्यंत घासा. यापुढे चाकांकडे पुन्हा जायचं नाही.

हात न लावता धुणं

आता पूर्ण गाडीवर नुसतं पाणी मारा, वरून खाली. प्रेशर वॉशर असेल तर २५ किंवा ४० अंशांचा पसरट नोझल लावा आणि पत्र्यापासून ३० सेंटिमीटर तरी अंतर ठेवा. जिथे रंगाची खपली उडालेली आहे तिथे आणखी लांबून, नाहीतर पाणी खपलीच्या कडेखाली घुसून ती आणखी उचलतं. साधा नळ आणि पाईप असेल तरीही चालतं, फक्त वेळ जास्त द्या. बॉनेट आणि काच यांमधली खाच, नंबरप्लेटच्या मागची जागा, पेट्रोलच्या झाकणाची फट, दारांच्या खालच्या कडा इथे माती साचलेली असते आणि नंतर नेमकी तीच वाहून बाहेर येते.

मग फोम. फोमचं खरं काम दिसायला छान दिसणं नाही, मळाभोवती ओलसर आणि निसरडा थर तयार करून तो सुटा करणं हे आहे. दाट फोम उभ्या दारावर जास्त वेळ टिकतो एवढाच त्याचा फायदा. पातळ मिश्रण साध्या फवारणीच्या पंपाने मारलं तरी काम होतं. फोम मारताना मी खालून वर जातो, कारण दारांचा खालचा भाग सर्वात घाण असतो आणि त्याला जास्त वेळ मिळतो. चार-पाच मिनिटं थांबा. तपकिरी ओघळ खाली उतरताना दिसले की समजा तेवढी माती तुमच्या हातमोज्याखाली येणार नाही. फोम वाळू द्यायचा नाही. धुताना वरून खाली.

गाडी खूप मळलेली असेल तर हीच पायरी परत करा. माझ्या अनुभवात दुसऱ्या फोमने जो फायदा होतो तो महागड्या शाम्पूने होत नाही.

दोन बादल्यांचं धुणं

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर घासून मळ सोडा, पिळा, आणि मगच परत शाम्पूत घाला. जाळीमुळे खाली बसलेली माती ढवळून वर येत नाही. काम संपल्यावर दोन्ही बादल्यांच्या तळाशी पाहा. साध्या पाण्याच्या तळाशी जी काळी रेव दिसेल, ती एका बादलीने धुतलं असतं तर परत गाडीवरच गेली असती.

टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दारांचा वरचा अर्धा भाग, आणि बंपर व दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत चालवा, गोल नाही. हातमोज्यावर दाब द्यायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने तो सरकू द्या. हातमोजा जमिनीवर पडला तर तो आजच्या पुरता बाद, दुसरा घ्या.

इथे शाम्पूबद्दल एक गोष्ट. एरवीच्या धुण्यासाठी पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असा, शाम्पू उत्तम, कारण तो आधीचं वॅक्स राखतो. पण आज आपल्याला जुनं वॅक्स राहायला नकोच आहे. म्हणून थोडा अल्कधर्मी, वॅक्स किंवा चमक देणारी कुठलीही भर नसलेला शाम्पू घ्या. यासाठी भांड्यांचा साबण वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. तो तेलकट भांड्यांसाठी बनवलेला असतो, त्याला रंगावर हवा तसा निसरडेपणा नसतो आणि हातमोजा अडखळत चालतो. रबराच्या पट्ट्यांनाही तो रुक्ष करतो.

विरघळवण्याचं काम

आता उरतं ते चिकटलेलं. घासायच्या आधी रसायनाला त्याचं काम करू द्या, पण एका वेळी एकच रसायन, आणि दुसरं मारण्याआधी पहिलं भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. विशेषतः आम्लयुक्त काहीही आणि लोखंडाचे कण काढायचं द्रावण एकमेकांत मिसळू देऊ नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि बंद खोलीत हे काम करू नका.

सुरुवात डांबरापासून, कारण डांबराच्या ठिपक्याखाली इतर कण दडलेले असतात. ते बहुधा चाकांच्या मागे आणि दारांच्या खालच्या पट्ट्यात असतं. हे द्रावण तेलकट असल्यामुळे पाण्यावर ते नीट पसरत नाही. तेवढा भाग फडक्याने टिपून कोरडा करा, फवारा, मिनिटभर थांबा. काळा ठिपका कडांनी वितळून तपकिरी अश्रूसारखा खाली ओघळायला लागतो. तेव्हा फडक्याने घासायचं नाही, नुसतं टिपून घ्यायचं. हट्टी ठिपक्यावर द्रावणाने ओलं केलेलं फडकं मिनिटभर चिकटवून ठेवा. मग शाम्पूच्या पाण्याने ती जागा धुवा, नाहीतर तेलकट थर उरतो. कच्च्या काळ्या प्लॅस्टिकवर हे द्रावण जाऊ देऊ नका.

मग लोखंड. ब्रेक दाबले की डिस्क आणि पॅड यांतून तापलेले सूक्ष्म कण उडतात, ते क्लिअर कोटला चिकटतात आणि तिथेच गंजायला लागतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी टिपक्यांसारखे दिसतात. गडद गाडीवर दिसत नाहीत, पण असतात तितकेच. यासाठीच्या द्रावणात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाशी संयोग झाला की ते जांभळं होतं. गार, ओल्या नसलेल्या पत्र्यावर फवारलं की पहिलं मिनिट काहीच होत नाही. मग स्वच्छ वाटणाऱ्या पांढऱ्या डिकीवर सुईच्या टोकाएवढे जांभळे ठिपके उमटतात, आणि बघता बघता ते ओघळ होऊन खाली धावतात. वास सडक्या अंड्याजवळ जाणारा, त्याला इलाज नाही. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू लागलं तर आधीच धुवा. खूप जांभळं झालं असेल तर दुसरा हात द्या. पहिल्यांदाच जांभळं झालं नाही तर तेही चांगलंच, पुढची पायरी हलकी जाईल.

क्षारांचे डाग ही वेगळी जात. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर मागे राहतात. शाम्पू त्यांना हलवत नाही, आम्ल हलवतं. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात घेऊन फडकं भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. पुसल्यावरही बोटाला खळगा लागत असेल किंवा थेंबाची कडा दिसत असेल तर डाग वर नाही, रंगात कोरला गेलाय. तो पॉलिशचा विषय आहे, व्हिनेगर वाढवून निघणार नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचंही असंच. ती नुसती घाण नाही, त्यातली आम्लं क्लिअर कोटला खातात आणि वाळलेल्या विष्ठेत वाळूचे कणही असतात. ओला कागदी रुमाल दहा मिनिटं त्यावर ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या. झाडाचा वाळलेला चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सुटतो.

क्ले

आता परत तीच प्लॅस्टिकची पिशवी घ्या आणि हात फिरवा. जिथे गुळगुळीत लागेल तिथे क्ले करायची गरज नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पूर्ण गाडीवर क्ले फिरवायलाच हवी असं अनेकांना वाटतं. क्ले कितीही मऊ असली तरी ती बारीक घर्षणानेच काम करते आणि पुसट चरे सोडते. नंतर पॉलिश करणार असाल तर ते निघून जातील. फक्त वॅक्सच लावणार असाल तर सर्वात मऊ प्रतीची क्ले आणि तीही गरजेपुरती.

पन्नास-साठ ग्रॅमचा तुकडा घ्या, गार असेल तर कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा आणि मळून तीन बोटांच्या रुंदीची चपटी वडी करा. दीड-दोन फुटांच्या चौकोनावर ल्युब्रिकंट सढळ हाताने मारा. वडी बोटांच्या पोटाखाली धरा, दाबू नका, आणि सरळ पुढे-मागे सरकवा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत एक बारीक सरसर ऐकू येते आणि वडी अडखळत चालते. तेच कण आहेत. हळूहळू आवाज मंदावतो, मग एकाएकी थांबतो, आणि वडी ओल्या काचेवरून सरकल्यासारखी निसटायला लागते. तिथे हात थांबवा. त्यापुढे घासून काही निघत नाही, फक्त क्लिअर कोट झिजतो. वडी अडकून चिकटायला लागली तर ल्युब्रिकंट कमी पडलंय. ते वाचवायची जागा ही नाही.

प्रत्येक चौकोनानंतर वडी उलटून बघा. पिवळसर-काळा मळ दिसेल. तो आत घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर काढा. सगळीकडून मळकी झाली की टाकून द्या. आणि वडी जमिनीवर पडली तर पुसून, धुऊन, वरचा थर काढून, कसंही करून परत वापरायची नाही. तिच्यात रुतलेला एक वाळूचा कण बॉनेटवर असा चरा काढतो की जो पॉलिशनेही जाईलच असं नाही. म्हणून मी सुरुवातीलाच वडीचे दोन तुकडे करतो आणि एक डबीत बंद ठेवतो. आडव्या भागांवर, म्हणजे टप, बॉनेट आणि डिकीवर, काम सर्वाधिक असतं. खालचे भाग शेवटी आणि वेगळ्या तुकड्याने.

क्ले झाली की गाडी परत एकदा शाम्पूने हलकी धुवा. ल्युब्रिकंटचा थर आणि सुटे झालेले कण दोन्ही गेले पाहिजेत.

वाळवणं

शेवटचं पाणी नळीचं तोंड काढून, जोर न लावता, वरून सलग वाहू द्या. पाण्याची चादर तयार होऊन बरंचसं पाणी आपल्यासोबत घेऊन जाते. उरलेल्यावर मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरा, दोन टोकं धरून अलगद ओढा. घासून पुसायचं नाही. आरसे, बोधचिन्हं, दिव्यांच्या फटी, दारांचे हँडल आणि पेट्रोलचं झाकण इथून पाणी नंतर गळत राहतं आणि मास्किंग टेप धरू देत नाही. ब्लोअर असेल तर इथे वापरा. नसेल तर पंधरा मिनिटं दारं आणि डिकी उघडी ठेवा आणि गळलेलं टिपून घ्या. ब्रेक डिस्कवर नारिंगी गंज आलेला दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो.

टॉर्च घेऊन फेरी

स्वच्छ रंगच खरं बोलतो. अंधाऱ्या जागेत एलईडी टॉर्च तिरका धरून एकेक भाग पाहा आणि जिथे चरा, जिथे खपली, जिथे कोरलेला डाग, तिथे टेपचा छोटा तुकडा लावून खूण करा. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा घरी पॉलिशने काढायचा प्रयत्न करू नका. तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचताना आजूबाजूचा क्लिअर कोट संपेल. नख सरकून गेलं तर आशा आहे.

यंत्राने पॉलिश करणार असाल तर रंगाची जाडी मोजायचं गेज कुणाकडून तरी मिळवा. ते स्टीलवर चुंबकीय पद्धतीने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने मोजतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही. एका भागावर चार-पाच ठिकाणी मोजा. पूर्ण गाडी १२० मायक्रॉनच्या आसपास आणि एकच दार २५० दाखवत असेल तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुटी भरलेली असणार. ७०-८० च्या खाली कुठे आलं तर तिथे आधीच कुणीतरी बरंच पॉलिश केलंय, तो भाग सोडा. आणि एक लक्षात ठेवा: गेज सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय ते नाही.

जुन्या गाडीवर क्लिअर कोट आहे की एकाच थराचा रंग, हे ओळखायला एका आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन चोळा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकाच थराचा रंग आहे. त्याला सर्वात सौम्य पॉलिशच लावा.

टेप आणि शेवटचं पुसणं

रबराच्या पट्ट्या, काळं प्लॅस्टिक, बोधचिन्हं, दिव्यांच्या कडा यांवर मास्किंग टेप लावा. प्लॅस्टिकवर पॉलिशचे पांढरे डाग पडले की ते काढण्यात अर्धा तास जातो. पत्र्याच्या तीक्ष्ण घड्या आणि दारांच्या कडांवरही टेपची एक पट्टी द्या, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा दाब सगळ्यात जास्त. टेप घट्ट दाबून चिकटवायची नाही, नखाने कड बसवली की पुरे. आणि ती त्याच दिवशी काढायची, कोनात मागे वळवून, सावकाश. उन्हात दोन दिवस राहिलेली टेप गोंद सोडते. पुन्हा रंगवलेल्या भागावर टेप लावण्याआधी दोनदा विचार करा, कच्चा रंग टेपसोबत उचलला जातो.

सर्वात शेवटी अल्कोहोलचं पुसणं. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिलच्या एका भागाला डिस्टिल्ड वॉटरचे सहा भाग, ७० टक्क्यांचं असेल तर चार भाग. दोन्हींत मिळून १४ टक्क्यांच्या आसपास मिश्रण होतं. यापेक्षा तीव्र करण्यात फायदा नाही, ते रंगाला मऊ करू शकतं. एका वेळी एकच भाग घ्या, एका फडक्याने पसरवा, दुसऱ्या कोरड्याने लगेच पुसून घ्या. सरळ वॅक्स किंवा कोटिंग लावणार असाल तर हे आत्ता करा. पॉलिश करणार असाल तर आत्ता तपासणीपुरतं करा आणि पॉलिशनंतर पुन्हा पूर्ण गाडीवर, कारण पॉलिशमधली तेलं बारीक चरे झाकून ठेवतात आणि कोटिंगला रंगापर्यंत पोहोचू देत नाहीत.

आता रंग पूर्ण उघडा आहे, त्यावर कसलंही संरक्षण नाही. पिशवी घालून शेवटचा हात फिरवा, बॉनेटपासून डिकीपर्यंत, आणि कुठे खरखर लागली तर तेवढ्याच जागी क्ले करून पुन्हा अल्कोहोलने पुसा. मग पॉलिश किंवा वॅक्स त्याच बैठकीत सुरू करा. मध्ये एक रात्र जाणारच असेल तर गाडी छताखाली, बंद जागेत ठेवा, तिच्यावर कव्हर चढवू नका, आणि सकाळी धूळ दिसली तर फडक्याने न झटकता आधी पाणी मारा.